फ्लोटचा जीव सोड्यात

आइस्क्रीम सोडा फ्लोट या पेयाचे घटक तीन: सोडा, आइस्क्रीम आणि या दोघांच्या भेटीतून उठणारा फेस. पहिले दोन विकत मिळतात. तिसरा ग्लासातच जन्माला येतो आणि चार-पाच मिनिटांत संपतो. फ्लोट चांगला की वाईट हे या फेसावरून ठरते आणि फेस ठरतो सोड्यावरून. आइस्क्रीम कितीही उंची असले, तरी सोडा मेलेला असेल तर हाती उरते ते गोड, पातळ दूध.

काही मंडळी पुण्याच्या मस्तानीलाही फ्लोटच्या घराण्यात बसवतात. मस्तानी हे थोर पेय आहे, पण तिचा पाया आटीव दुधाचा. तिच्यात वायू नाही, म्हणून फेस नाही आणि नाकात जाणारी सणकही नाही. वर आइस्क्रीमचा गोळा आहे एवढ्यावरून नाते जोडायचे, तर फालुद्यालाही फ्लोट म्हणावे लागेल. सोड्यावाचून फ्लोट नाही, ही व्याख्या सोडली की पुढची सगळी चर्चाच निसरडी होते.

इतिहास थोडक्यात असा. पाण्यात कृत्रिम रीतीने वायू मुरवण्याची युक्ती जोसेफ प्रीस्टली याने १७६७ मध्ये लीड्स येथे साधली. हाताने फिरवायच्या आइस्क्रीमच्या पॉटचे पेटंट फिलाडेल्फियाच्या नॅन्सी जॉन्सन यांनी १८४३ मध्ये घेतले. त्याच शहरात १८७४ साली, फ्रँकलिन इन्स्टिट्यूटच्या प्रदर्शनात, रॉबर्ट ग्रीन याने सोड्यात आइस्क्रीम घालून विकले. सोड्यात घालायची साय संपली म्हणून आइस्क्रीम घातले, अशी त्याची प्रचलित कथा आहे. या श्रेयावर इतरांनीही दावे सांगितले. ग्रीनने मात्र आपल्या थडग्यावर आइस्क्रीम सोड्याचा जनक असे कोरून घेतले. रूट बिअरचा फ्लोट, डेट्रॉइटमधला जिंजर एलचा ‘बॉस्टन कूलर’, ऑस्ट्रेलियातला ‘स्पायडर’ आणि जपानी उपाहारगृहांतला हिरवागार मेलन क्रीम सोडा ही सगळी याच कुळातली पेये.

या इतिहासात एक गोष्ट दुर्लक्षिली जाते. फ्लोट हे मुळात मुलांचे पेय नव्हते. १९२० ते १९३३ या काळात अमेरिकेत दारूबंदी होती. तेव्हा संध्याकाळी चार माणसांत बसण्याची मोठ्यांची जागा सोडा फाउंटनने घेतली आणि आइस्क्रीम सोड्याची भरभराट झाली. वाढदिवसाच्या टोप्या आणि रंगीत छत्र्या त्याला नंतर चिकटल्या. प्रौढांसाठी फ्लोट करणे म्हणजे काही नवी टूम काढणे नाही. ज्याचे पेय त्याला परत देणे आहे.

भारतात या पेयाला आधी बर्फ लागला. फ्रेडरिक ट्यूडर याच्या जहाजातून अमेरिकेचा नैसर्गिक बर्फ १८३३ मध्ये कलकत्त्याला उतरला आणि पाठोपाठ मुंबईलाही येऊ लागला. सोडा मात्र इथेच बनू लागला आणि त्यात पारशी-इराणी कारखानदारांचा वाटा सर्वांत मोठा. मुंबईत १८६५ पासून पालनजी, पुण्याच्या कॅम्पात १८८४ पासून अर्देशर, पुन्हा मुंबईत १८८९ पासून ड्यूक्स. ड्यूक्सचे संस्थापक दिनशाजी पांडोल क्रिकेटपटू होते आणि कारखान्याला नाव मिळाले ते क्रिकेटच्या ड्यूक चेंडूवरून. रास्पबेरी, जिंजर, लेमोनेड आणि व्हॅनिलाच्या वासाचा, आइस्क्रीमचा कणही नसलेला ‘आइस्क्रीम सोडा’ ही या कारखान्यांची मुख्य पेये. पारशी लग्नाच्या पंगतीत पात्राशेजारी लाल रास्पबेरीची बाटली हवीच. इराण्याच्या हॉटेलात संगमरवरी टेबलावर ती खिमा-पावाबरोबर येई.

रस्त्यावरचा सोडा गोटीचा. हायरम कॉड या इंग्रज अभियंत्याने १८७२ मध्ये पेटंट घेतलेली ही बाटली. गळ्यात काचेची गोटी आणि तोंडाशी रबराची चकती. आतल्या वायूच्या दाबाने गोटी चकतीवर घट्ट बसते आणि बूच न लावता बाटली बंद राहते. गाडीवाला लाकडी दट्ट्याने गोटी खाली दाबतो, चर्र असा आवाज येतो आणि धुरासारखी वाफ निघते. तो आवाज म्हणजे सोड्याच्या ताजेपणाची हमीच, कारण दाब कमी असलेली बाटली जेमतेम कण्हते. गोटीच्या बाटलीचा हा गुण प्लॅस्टिकच्या मोठ्या बाटलीला कधीच आला नाही. दोन लिटरची बाटली एकदा उघडली की प्रत्येक ग्लासागणिक वायू गमावते आणि तिसऱ्या ग्लासाचा फ्लोट उठतच नाही. घरी फ्लोट करायचा तर सोड्याच्या लहान बाटल्याच आणाव्यात आणि एका ग्लासाला एक नवी बाटली फोडावी.

सोडा थंड का हवा, याचे कारण चवीइतकेच भौतिकशास्त्रात आहे. साध्या वातावरणीय दाबाला शून्य अंश तापमानाचे एक लिटर पाणी सुमारे १.७ लिटर कार्बन डायऑक्साइड धरून ठेवते. तीस अंशांना तेच पाणी जेमतेम ०.६५ लिटर धरते. म्हणजे वैशाखात फळीवरून उचललेली बाटली उघडली की वायू ग्लासात थांबतच नाही. बाटली आदल्या रात्रीपासून फ्रीजमध्ये आडवी ठेवावी. घाई असेल तर बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घातलेल्या बादलीत बुडवावी. ग्लासही थंड हवा. सोड्यात बर्फाचे तुकडे मात्र टाकू नयेत. त्यांच्या खडबडीत पृष्ठभागावर बुडबुडे धरतात, आइस्क्रीम पोहोचण्याआधीच वायू निघून जातो आणि शेवटी सगळे पाणचट होते.

आता आइस्क्रीम. भारतीय अन्न सुरक्षा नियमांनुसार साध्या आइस्क्रीममध्ये किमान १० टक्के दुधाचा स्निग्धांश हवा आणि एका लिटरचे वजन किमान ५२५ ग्रॅम भरले पाहिजे. ज्यात दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल असते, त्यावर ‘फ्रोझन डेझर्ट’ असे लिहावे लागते. ती अक्षरे डब्याच्या कडेला बारीक टायपात असतात आणि ग्राहक ती वाचत नाही. वनस्पती चरबी जिभेवर तेलकट थर सोडते, तो थर सोड्याच्या थंडपणात आणखी घट्ट होतो आणि पहिल्या घोटानंतर सोड्याची चवच लागत नाही. लिटरचा डबा विकत घेताना हातात तोलून पाहावा. हलका लागला तर त्यात हवा जास्त आहे आणि असा गोळा सोड्यात पडताच विरतो.

फ्लोटला सर्वांत योग्य आइस्क्रीम पॉटचे. मे महिन्याच्या सुट्टीत वाड्यात किंवा चाळीत पॉट भाड्याने आणला जाई. गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी दगडाने फोडायची, लाकडी बादलीत बर्फाचा एक थर, खड्याच्या मिठाचा एक थर असे रचायचे, मधल्या डब्यात आटवून गार केलेले दूध ओतायचे आणि दांडा फिरवायला सुरुवात करायची. मिठामुळे बर्फाचा वितळणबिंदू खाली जातो आणि खाऱ्या पाण्याचे तापमान शून्याखाली पंधरा अंशांपर्यंत सहज उतरते. सुरुवातीला दांडा लहान मुलेही फिरवत. मग तो जड होई, काका-मामांची पाळी येई, आणि अखेरीस एकजण पॉटवर गोणपाट टाकून बसे तेव्हा दुसऱ्याला दांडा हलवता येई. दांडा थांबला की आइस्क्रीम झाले, ही त्याची खूण. हाताने फिरवल्यामुळे या आइस्क्रीममध्ये हवा थोडीच शिरते. ते घट्ट आणि किंचित कणीदार होते, सोड्यात सावकाश विरघळते. फ्लोटला नेमके हेच हवे.

पुढे घरोघरी फ्रीज आले आणि जीएमएस व सीएमसी या पावडरींचे आइस्क्रीम रूढ झाले. ते मऊ लागते, दुप्पट फुगते, आणि पाककृतीच्या वर्गांनी त्याचा मोठा गौरव केला. वाटीत खायला ते ठीक आहे. फ्लोटमध्ये मात्र सीएमसीचा चिकटपणा फेसात उतरतो आणि फेस साबणासारखा ताठ उभा राहतो. पॉट नसेल तर पावडर न घालताही चांगले आइस्क्रीम होते: एक लिटर म्हशीचे दूध निम्मे आटवावे, शंभर ग्रॅम साखर आणि थोडा व्हॅनिला घालून गार करावे, दोनशे मिली ताजी साय फेटून मिसळावी आणि गोठताना तासातासाने तीनदा घोटावे.

रचनेबद्दल दोन पंथ आहेत. पहिला पंथ ग्लासात आधी आइस्क्रीम टाकून वरून सोडा ओततो. त्यात फेस उंच उठतो आणि पाहुणे खूश होतात. पण तो फेस म्हणजे एका क्षणात सोड्याबाहेर पडलेला सगळा वायू असतो. तो टेबलावर सांडतो आणि ग्लासात उरलेला सोडा मेलेला असतो. दुसरी रीत शहाणी आहे. उंच ग्लासात आधी सिरप, मग ग्लास तिरका धरून कडेने दोन तृतीयांशापर्यंत सोडा. बुडबुडे शांत झाले की फ्रीझरमधून थेट काढलेला कडक गोळा चमच्याने हलकेच वर सोडावा. आइस्क्रीममधले हवेचे कण आणि बर्फाचे स्फटिक वायूला बाहेर पडायला जागा देतात. दुधातली प्रथिने प्रत्येक बुडबुड्याभोवती पातळ आवरण धरतात, म्हणून हा फेस साध्या सोड्याच्या फेसापेक्षा जास्त टिकतो. गोळ्याच्या बुडाला लागलेला सोडा तिथेच गोठतो आणि आइस्क्रीमवर बर्फाचा कुरकुरीत पापुद्रा चढतो. फ्लोटमधला सर्वांत मोलाचा घास तो. लांब दांड्याचा चमचा त्यासाठी लागतो, स्ट्रॉ नंतर.

आंबट सोड्याची एक अडचण असते. दुधातले केसिन ४.६ पीएचच्या आसपास गोठते आणि बहुतेक बाटलीबंद पेये त्याहून बरीच आम्लधर्मी असतात. म्हणून लिंबू सोड्यावर व्हॅनिला ठेवले की दहाएक मिनिटांत कण दिसू लागतात. आले, व्हॅनिला आणि कॉफीचे सोडे दुधाशी चांगले जमतात. रास्पबेरी लगेच प्यावी. लिंबाबरोबर दुधाऐवजी फळांच्या रसाचे सॉर्बे ठेवावे.

प्रौढांच्या फ्लोटचे पहिले सूत्र गोडी कमी करणे. कोलाच्या १०० मिलीमध्ये साधारण साडेदहा ग्रॅम साखर असते. दोनशे मिली कोला आणि वर आइस्क्रीम मिळून पस्तीसेक ग्रॅम होते. साध्या सोड्यात घरचे सिरप घातले की हे प्रमाण हाती राहते. शंभर ग्रॅम आल्याचा रस, शंभर ग्रॅम साखर, चार मिरे आणि चिमूटभर मीठ एकत्र उकळून गाळावे. एका ग्लासाला दोन चमचे पुरतात. मीठ सिरपातच विरघळलेले हवे, कारण सुटे मीठ सोड्यात पडले की सोडा उसळून रिता होतो. या जिंजर सोड्यावर पॉटचे व्हॅनिला म्हणजे या पेयाचे शुद्ध रूप. दुसरा उत्तम प्रकार गार कडक कॉफी आणि साधा सोडा समप्रमाणात, वर व्हॅनिला. तिसरा कोकणचा: बिनमिठाचा कोकम अर्क, जिरेपूड आणि सोडा, वर नारळाच्या दुधाचे आइस्क्रीम. कोकम आणि नारळाचे दूध एकमेकांना मानवते हे सोलकढीने कधीच सिद्ध केले आहे. चौथा, किनीनची कडसर चव असलेले टॉनिक वॉटर आणि लिंबाचे सॉर्बे.

मद्य घालायचे तर तीस मिलीच्या पुढे जाऊ नये, कारण मद्याने फेस लवकर बसतो आणि आइस्क्रीम भराभर वितळते. काळी रम जिंजर सोड्याबरोबर शोभते. गडद स्टाउट बिअरवर व्हॅनिला हा स्वतंत्र, सोडा न लागणारा प्रकार. गोव्यात उन्हाळ्यात उर्राक लिंबाच्या सोड्याबरोबर, मीठ आणि चिरलेली हिरवी मिरची घालून पितात. त्यावर लिंबाचे सॉर्बे छान बसते, दुधाचे आइस्क्रीम मुळीच नाही. महाराष्ट्रात दारूसाठी परवाना लागतो आणि वयाची अट २५ वर्षांची आहे, हे यजमानाने ध्यानात ठेवावे.

आजची स्थिती खेदाची आहे. १९७७ मध्ये कोका-कोला देशाबाहेर गेल्यावर देशी पेयांना जो अवकाश मिळाला, तो १९९३ मध्ये ती परत आल्यावर झपाट्याने आक्रसला. त्याच वर्षी थम्स अप आणि गोल्ड स्पॉट विकले गेले, पुढच्या वर्षी ड्यूक्सही गेली. गल्लीतले सोड्याचे कारखाने बंद पडले, बाटल्या परत घेण्याची पद्धत मोडली आणि इराणी हॉटेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली. आता मोठ्या दुकानांत फ्लोट या नावाखाली फेसाळ क्रीम, चॉकलेटचा रस आणि बिस्किटे घातलेला रंगीत डोंगर मिळतो, पण त्यातला सोडा साधा गारही नसतो.

तरीही पुण्या-मुंबईत जुन्या चवींचा सोडा अजून मिळतो, आणि बर्फ, मीठ, दूध तर कुठेही मिळते. वाचकांनी यंदा जवळच्या जुन्या सोडावाल्याकडून काचेच्या बाटलीतली रास्पबेरी किंवा जिंजर आणावी आणि बाटली आठवणीने परत करावी. मागणी राहिली तरच हे कारखाने राहतील.