रातपाळीची झोप आणि कॅनाबिनॉल



गांजा-भांगेचे नाव निघाले की आपल्याकडे दोन प्रकारची माणसे बोलू लागतात. एक कानांवर हात ठेवून ‘शिव शिव!’ म्हणतो, दुसरा हसून म्हणतो, ‘शिवाचाच तर प्रसाद!’ अंबरनाथला अकराव्या शतकातील शिवालयापाशी महाशिवरात्रीची जत्रा भरते, तेव्हा हे दोघेही एकाच रांगेत उभे असतात. आज आम्हांला या दोघांच्या मधून वाट काढावयाची आहे. या झाडातील एका अल्पपरिचित द्रव्याचे नाव अलीकडे झोपेचे औषध म्हणून कानांवर येऊ लागले आहे. आणि झोप हा आमच्या कामगारवस्तीतील जिव्हाळ्याचा प्रश्न आहे. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात रातपाळी करणारा माणूस गल्लोगल्ली भेटतो. ‘दादा, ते तेल घेतले तर दिवसा डोळा लागेल का?’ असे आम्हांला विचारले जाते. आम्ही वैद्य नव्हे, रसायनशास्त्रीही नव्हे. शाळेपेक्षा वाचनालयातच आमचे शिक्षण अधिक झाले. तेथे जे वाचले, पारखले, तेवढेच आपणांपुढे ठेवतो.

या द्रव्याचे नाव कॅनाबिनॉल, थोडक्यात सी.बी.एन. गांजाच्या झाडात या जातीची शंभराहून अधिक द्रव्ये आढळली आहेत. त्यांतील नशा आणणारे ते टी.एच.सी.; नशा न आणणारे, पण औषध म्हणून गाजलेले ते कॅनाबिडिऑल अथवा सी.बी.डी. लहान मुलांच्या दोन दुर्धर अपस्मारांवर सी.बी.डी.चे औषध अमेरिकेत २०१८ साली सरकारमान्य झाले. त्या मान्यतेमागे पद्धतशीर चाचण्या होत्या. सी.बी.एन.ची गोष्ट मात्र निराळी आहे.

गंमत अशी की, या सर्व भावंडांत प्रथम हाती लागले ते सी.बी.एन.च, आणि तेही आपल्या हिंदुस्थानी चरसातून! १८९३-९४ साली येथे सरकारी गांजा-आयोगाने हजारावर साक्षी घेतल्या आणि सात खंडांचा अहवाल सिद्ध केला. त्याच सुमारास, १८९६ साली, केंब्रिज येथे वुड, स्पायव्ही आणि ईस्टरफील्ड या रसायनज्ञांनी हिंदी चरसातून एक घट्ट तेल वेगळे केले. नशेचे मूळ हेच, अशी समजूत पुढे कित्येक वर्षे टिकली. कॅनाबिनॉलची नेमकी घडण १९४० साली रॉजर अ‍ॅडम्स आणि अलेक्झांडर टॉड यांनी निश्चित केली. नशेचे खरे मूळ जे टी.एच.सी., ते १९६४ साली इस्रायलमध्ये मेकूलम आणि गावोनी यांनी शुद्ध स्वरूपात मिळविले.

मग केंब्रिजला सी.बी.एन.च एवढे का सापडावे? ताज्या झाडात ते जेमतेम असते. गांजा वा चरस पडून राहिला, त्याला हवा, उजेड आणि उष्णता लागली, की टी.एच.सी.तील हायड्रोजनचे चार अणू निघून जातात आणि त्याचे सी.बी.एन. बनते. रासायनिक कारखान्यात काम करणाऱ्या श्रोत्यांना हे समजावून सांगावयास नको. उघड्या पिंपातला माल कसा बदलतो हे ते रोज पाहतात. म्हणजे सी.बी.एन. हा शिळेपणाचा अंश झाला. जुना गांजा सुस्ती आणतो, अशी समजूत आहे, त्यावरून ‘सी.बी.एन. म्हणजे झोप’ हे समीकरण जुळविले गेले आणि परदेशी बाजाराने ते बाटलीवर छापले.

आता पुराव्याकडे वळू. १९७५ साली झालेल्या एका प्रयोगात पाच पुरुषांना ही द्रव्ये देऊन पाहिली. टी.एच.सी.च्या जोडीने सी.बी.एन. दिले तेव्हा गुंगी वाढलेली दिसली, एकट्या सी.बी.एन.ने तसे घडले नाही. पाच माणसांवरून सिद्धान्त उभारणे म्हणजे शितावरून भाताची नव्हे, साऱ्या कोठाराची परीक्षा करणे होय. २०२३ साली प्रसिद्ध झालेली चाचणी मोठी होती. तीत सुमारे तीनशे माणसांना सात रात्री औषध अथवा तसेच दिसणारे निव्वळ सोंग दिले गेले. वीस मिलिग्रॅम सी.बी.एन. घेणाऱ्यांना रात्री जाग येण्याचे प्रमाण घटले. पण झोप लवकर लागली नाही आणि दिवसाचा थकवाही हटला नाही. २०२४ साली सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी उंदरांवर प्रयोग केले, तेव्हा त्यांची झोप वाढलेली आढळली. याखेरीज काचपात्रातील प्रयोगांत, नेहमीच्या औषधांना न जुमानणाऱ्या पूजंतूंवर सी.बी.एन.चा मारा चालतो, असे २००८ साली दिसून आले. हे सारे आशादायक खरे. पण काचपात्र आणि माणूस यांत फार मोठे अंतर असते. रातपाळी करून भर दिवसा पत्र्याखाली झोपू पाहणाऱ्या माणसाला या द्रव्याचा उपयोग होतो, असा पुरावा आमच्या वाचनात आलेला नाही.

धोक्याचीही बाजू पाहिली पाहिजे. ज्याने गुंगी येते ते घेऊन यंत्रापाशी उभे राहणे म्हणजे हात पट्ट्यात देणे. तेलात टी.एच.सी. उरले असेल तर नशाही येईल. रक्त पातळ करणारी वा अपस्मारावरची औषधे चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून अशा तेलाला हात लावू नये. शिवाय कायदा आहे. १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्यात गांजाचा फुलोरा, चरस आणि त्यांचे अर्क येतात. नुसते पान, म्हणजे भांग, त्या व्याख्येबाहेर असले, तरी महाराष्ट्रात त्यावर १९४९ च्या दारूबंदी कायद्याचा अंकुश आहे. आयुर्वेदात भांगेला विजया म्हणतात. परंतु औषध-नियमांच्या विषारी द्रव्यांच्या यादीतही तिचे नाव आहे, आणि अशी औषधे वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यावीत असा इशारा वेष्टनावर छापावा लागतो. कोणी हातोहात बाटली देऊ केली, तर परवाना आणि वैद्याची चिठ्ठी, दोन्ही विचारावीत.

आता मुद्द्याचे बोलतो. रातपाळीवाल्याची झोप कशाने उडते? दर आठवड्याला पाळी बदलते. सुटल्यावर गाडीची गर्दी. घरी एकच खोली, तीत मुलांचा अभ्यास आणि कुकरची शिट्टी. वर तापलेला पत्रा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २००७ साली, आणि पुन्हा २०१९ साली, रातपाळीचे काम ‘बहुधा कर्करोगकारक’ या वर्गात घातले. ज्या कामाविषयी तज्ज्ञ असे बोलतात, त्याचे ओझे कामगाराने आपल्या खिशातून तेल विकत घेऊन हलके करावे, हे आम्हांला पटत नाही.

म्हणून आमचे सांगणे असे. सी.बी.एन.वर संशोधन जरूर व्हावे. आपल्याच मातीतील चरसातून ते प्रथम निघाले. जम्मूच्या सरकारी प्रयोगशाळेत या झाडावर काम चालू आहे, त्याला बळ मिळावे. आणि उद्या चाचण्यांनी ते खरे ठरले तर कामगार विमा रुग्णालयातून ते गरिबाच्या हाती पडावे. तोवर संघटनेने मागावयाच्या गोष्टी साध्या आहेत: पाळी घाईघाईने बदलू नये, पाळी बदलताना पुरती विश्रांती मिळावी, सलग रातपाळ्यांना मर्यादा असावी, आणि ज्याची झोप महिनोन्‌महिने उडाली आहे त्याची कारखान्याच्या खर्चाने वैद्यकीय तपासणी व्हावी. घरच्यांनीही एवढे करावे की, रातपाळीहून आलेल्या माणसाच्या खोलीला जाड पडदा लावावा आणि चार तास तरी रेडिओ, टीव्ही मुका ठेवावा. याला बाटली लागत नाही आणि परवानाही लागत नाही.