चोवीस डिसेंबरची ड्युटी

पहाटे ५. लंडनमध्ये मिट्ट काळोख. सूर्य आठनंतर उगवेल आणि चारच्या आत मावळेल. गावी सेलूत साडेदहा वाजलेत, आईशी निवांत बोलायची हीच वेळ. तिकडे घर भरलंय. मामा-मामी मुंबईहून देवगिरीने आलेत. भाऊ कापूस घेऊन बाजार समितीत गेलाय, परतला की दाराला चांदणी लावणार.

"करंज्या उलल्या तर नाहीत ना गं?" आईचा पहिला प्रश्न हाच.

नाही उलल्या. पण इथे तळण म्हणजे मोठी कसरत असते. भाड्याच्या घरात जरा धूर झाला की छताचा अलार्म ओरडायला लागतो, म्हणून खिडकी उघडी ठेवायची. मग डिसेंबरच्या त्या वाऱ्याने पाऱ्या वाळतात, म्हणून त्यांवर ओलं फडकं. दिवसभर बारा तास उभं राहून आल्यावर एका रात्री सारण, दुसऱ्या रात्री तळण, असंच जमतं. सुकं खोबरं, खसखस वेम्ब्लीच्या ईलिंग रोडवरून आणली. इथे दुकानात तयार केकचे ढीग असतात. पण आमच्या घरी नाताळ म्हणजे करंजी, चकली, शंकरपाळे आणि पेटी-ढोलकीवरची भजनं. ते केल्याशिवाय सण आल्यासारखं वाटत नाही.

सकाळी ७:३०. रात्रपाळीकडून वॉर्ड ताब्यात घेतला. आजचा दिवस वर्षातल्या सर्वांत धावपळीच्या दिवसांपैकी. ज्याला त्याला ख्रिसमसला घरी जायचंय. डिस्चार्जचे कागद, घरी न्यायची औषधं, न्यायला येणारी गाडी, सगळं दुपारच्या आत हवं. खिडकीजवळच्या आजी बऱ्या झाल्यात, तरी जाऊ शकत नाहीत. घरी येऊन त्यांना अंघोळ-जेवण घालणारी बाई सुट्टीनंतरच मिळणार. त्यांचे केस मी आज जरा जास्त वेळ घेऊन विंचरले.

दुपारी १:३०. जेवणाची सुट्टी. नव्या इंग्रज सहकारी मुलीने विचारलं, तुमच्याकडे ख्रिसमस आमच्या लोकांनी आणला का? या प्रश्नाला नीट उत्तर द्यायला मला मनापासून आवडतं. इंग्रजांचं राज्य येण्याच्या कितीतरी आधी, 1579 साली, इंग्लंडमधल्या विल्टशरचा थॉमस स्टीफन्स गोव्यात आला. तो मराठी शिकला आणि त्याने ख्रिस्ताची कथा ओव्यांत लिहिली. 'क्रिस्तपुराण' 1616 मध्ये रायतूरला छापलं गेलं. 1619 मध्ये तो वारला, मायदेशी परतलाच नाही. त्या पुराणाची देवनागरी हस्तलिखित प्रत याच लंडनमध्ये, सोआस विद्यापीठात आहे. पुढे नारायण वामन टिळकांनी (1861–1919) आम्हाला भजनं दिली. आमच्या मराठवाड्यातही नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकातच जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं. तेव्हा हा सण आमच्याकडे पाहुणा नाही, घरचाच आहे.

स्टीफन्सने परमुलखात जाऊन तिथली भाषा आपली केली. मी दिवसभर इंग्रजीत काम करते, पण प्रार्थना मात्र मराठीतच होते. ती दुसऱ्या भाषेत मला जमत नाही आणि जमावी असंही वाटत नाही. केरळच्या सिस्टरांचं बरं आहे. मल्याळम उपासना, क्वायर, सगळं त्यांनी इथे उभं केलंय. आम्ही मराठी ख्रिस्ती मोजके, विखुरलेले.

संध्याकाळी ६:३०. सेलूत मध्यरात्र झाली, नाताळ लागला. मी औषधांची ट्रॉली ढकलत होते, फोन लॉकरमध्ये.

रात्री ९:३०. घरी पोहोचले. भावाने भजनाचं रेकॉर्डिंग पाठवलंय. ढोलकी मामांचीच, लगेच ओळखू आली. ते ऐकत लूकचा दुसरा अध्याय वाचला आणि डबे भरले. वॉर्डात न्यायच्या डब्यावर गहू, दूध, खोबरं असं लिहून चिठ्ठी चिकटवली. कुणाला काय चालत नाही, सांगता येत नाही. उद्याही ड्युटी आहे. नववर्षाला सुट्टी हवी होती, म्हणून नाताळची पाळी मी घेतली. पंचवीसला लंडनमध्ये ना बस ना ट्यूब, म्हणून कोट्टायमच्या सिस्टरबरोबर सव्वासहाची टॅक्सी ठरवलीय, भाडं निम्मं-निम्मं. तिच्याकडून प्लम केक येणार आहे.