वृद्धनिवास हवा, पण कोणाला?

आपल्या वसाहतीत वृद्धांसाठी निवास हवा, असे कोणी म्हणाले की मी विचारतो, किती जणांसाठी आणि कशासाठी? साठी ओलांडलेल्यांची नुसती शिरगणती पुरत नाही. स्नान, कपडे घालणे, शौचास जाणे, अंथरुणातून उठणे, मलमूत्रावर ताबा आणि जेवणे या सहा बाबी कोणाला स्वतः जमतात, ते घरोघर विचारावे. डॉ. सिडनी कॅट्झ यांची १९६३ ची ही कसोटी आजही वापरात आहे. सर्व जमत असेल तर तळमजल्याचे घर, न्हाणीघरात धरायला दांडी आणि जवळ दवाखाना बहुधा पुरतो. दोन-तीन बाबी अडत असतील तर रोज मदतीला माणूस हवा. अंथरुणाला खिळलेल्यांना रात्रंदिवस शुश्रूषा. मात्र मुला-सुनेआधी खुद्द आजी-आजोबांना विचारा. अनेकांना घर सोडायचे नसते, फक्त आधार हवा असतो.