रुंद खिडक्यांची शहरे

दिव्याहून सुटणारी गाडी पनवेल, पेण मागे टाकून रोह्याकडे जाते, तो बेने इस्रायली समाजाचा जुना मुलूख होय. पेणकर, रोहेकर ही त्यांची आडनावे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’ हे त्यांचे पूर्वीचे नाव. मराठी बोलणाऱ्या या ज्यूंनी पुढे मुंबई-ठाण्यात कारकुनी, शिक्षकी, डॉक्टरी पत्करली. ठाण्यातील त्यांचे प्रार्थनामंदिर १८७९ चे आहे.

याच समाजातील डॉ. एलिजा मोझेस १९३७-३८ मध्ये मुंबईचे महापौर होते. महालक्ष्मीजवळच्या डॉ. ई. मोझेस मार्गावरून रोज जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल? त्याच सुमारास बॅकबेच्या भरावावर काँक्रीटची नवी घरे उठत होती : वळणदार सज्जे, आडव्या रेषा, रुंद खिडक्या. इरॉस चित्रपटगृह १९३८ चे.

युरोपातील शहरेही तेव्हा असाच नवा पेहराव करीत होती. जर्मनीतील केम्निट्झ येथे एरिख मेंडेलसोन या ज्यू वास्तुशिल्पज्ञाने शॉकेन या ज्यू व्यापाऱ्यांसाठी उभारलेले भांडार १९३० मध्ये उघडले. दर्शनी भाग धनुष्यासारखा वळलेला आणि मजल्यामजल्यावर काचेचे सलग पट्टे. स्वस्त आणि चांगला माल सामान्यांना मिळावा, हे त्या पेढीचे धोरण होते. तीनच वर्षांनी मेंडेलसोन यांना देश सोडावा लागला. १९३८ मध्ये पेढीही मालकांच्या हातून बळजबरीने गेली. चेकोस्लोव्हाकियातील ब्रनो येथे मीस व्हॅन डेर रोहे यांनी तुगेंधाट या ज्यू कुटुंबासाठी बांधलेले घर आज जगप्रसिद्ध आहे. त्या कुटुंबाला त्यात जेमतेम आठ वर्षे राहावयास मिळाले.

नवी वास्तू नवे मन घडविते, अशी त्या काळी अनेकांची श्रद्धा होती. काँक्रीटवर टाकलेला हा भार फारच मोठा म्हटला पाहिजे. मुंबईत एका मूठभर समाजाचा डॉक्टर महापौर झाला, तो इतर समाजांच्या नगरसेवकांनी त्याला मते दिली म्हणून. त्यात सज्जांचे कर्तृत्व काहीच नव्हते. अर्थात मुंबईही स्वर्ग नव्हती. समुद्राकाठच्या त्या घरांचे भाडे कारकुनाच्या आवाक्यातले नव्हते, तो चाळीतच राहिला. आज दिव्यात कित्येक खिडक्यांतून हात बाहेर काढला की शेजारची भिंत लागते, आणि फलाटावर गर्दीचा विषय निघाला की ‘बाहेरचे लोंढे’ हे शब्द ऐकू येतात. उच्चारणारा बहुधा स्वतःही दहा-पंधरा वर्षांपूर्वीच येथे आलेला असतो.

केम्निट्झची ती इमारत अद्याप उभी आहे. २०१४ पासून तेथे पुरातत्त्व संग्रहालय असून, त्यात एक दालन शॉकेन आणि मेंडेलसोन यांच्याविषयी आहे.