‘डॉक्टरांना कळवले’ या नोंदीच्या पुढे

जानेवारी २०२५ मध्ये लॉरेटा फोर्ड वारल्या. वय १०४. ही बातमी मराठीत माझ्या तरी वाचनात आली नाही. नर्सिंगच्या पदव्युत्तर वर्गांना शिकवणाऱ्या आम्हा मंडळींना मात्र घरातलं मोठं माणूस गेल्यासारखं वाटलं. ‘ॲडव्हान्स्ड प्रॅक्टिस नर्सिंग’ म्हणून आज जगभर जो अभ्यासक्रम शिकवला जातो, त्याचा उगम शोधत गेलं की या बाईंपाशीच पोचावं लागतं.

फोर्ड मूळच्या सार्वजनिक आरोग्य परिचारिका. कोलोरॅडोच्या ग्रामीण भागात त्यांनी काम केलं होतं. तिथल्या बालआरोग्य केंद्रांत डॉक्टर क्वचितच यायचे, परिचारिका कायम असायची. कुठल्या घरात कोणाला दमा आहे, कोणाच्या मुलाचं वजन वाढत नाही, हे तिला पाठ असायचं. मुलाचा कान लाल झालेला तिला दिसायचा, पण ‘कानाला संसर्ग झाला आहे’ असं केसपेपरवर लिहायची मुभा तिला नव्हती. १९६५ साली फोर्ड आणि बालरोगतज्ज्ञ हेन्री सिल्व्हर यांनी कोलोरॅडो विद्यापीठात यावर एक अभ्यासक्रम सुरू केला. चार महिने कसून शिक्षण आणि मग प्रत्यक्ष गावात काम. कानात ऑटोस्कोप घालून काय पाहायचं, हृदयाचे ठोके कसे ऐकायचे, मूल कोणत्या महिन्यात काय करू लागतं, पूर्वेतिहास कसा विचारायचा आणि मूल ठणठणीत आहे हे स्वतःच्या सहीने कधी लिहायचं, एवढाच काय तो अभ्यास. त्याच वर्षी अमेरिकेत मेडिकेअर आणि मेडिकेड या सरकारी योजना आल्या. लाखो वृद्ध आणि गरीब पहिल्यांदाच दवाखान्याची पायरी चढू लागले आणि त्यांना तपासायला माणसं कमी पडू लागली. फोर्डबाईंच्या चार महिन्यांच्या वर्गाला वाऱ्याचा वेग दिला तो या गर्दीने.

विरोध डॉक्टरांनी केला हे सगळे सांगतात. पण नर्सिंगमधूनही कडवा विरोध झाला, याची आठवण फारशी काढली जात नाही. मार्था रॉजर्स यांच्यासारख्या विचारवंत प्राध्यापिकेचा आक्षेप होता की परिचारिकेला डॉक्टरांच्या कामाकडे ओढून नेलं, तर तिचं स्वतःचं शास्त्रच मागे पडेल. मला हा आक्षेप आजही क्षुल्लक वाटत नाही. पुढच्या साठ वर्षांत अभ्यासक्रमात जे जे बदल झाले, त्यातले निम्मे तरी या प्रश्नाला उत्तर देण्यासाठीच झाले, असं माझं मत आहे.

तसं पाहिलं तर १९६५ च्या आधीही परिचारिका हे सगळं करतच होत्या, फक्त त्याला अभ्यासक्रमाचं रूप नव्हतं. मेयो क्लिनिकमध्ये ॲलिस मॅगॉ यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच हजारो रुग्णांना भूल दिली आणि त्याची टिपणं प्रसिद्ध केली. मेरी ब्रेकिन्रिज यांनी १९२५ साली केंटकीच्या डोंगराळ भागात फ्रंटियर नर्सिंग सर्व्हिस उभारली. तिथल्या परिचारिका घोड्यावर बसून बाळंतपणं करायला जात. यातल्या बऱ्याच जणी इंग्लंडमध्ये शिकलेल्या. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झालं, त्यातल्या ब्रिटिश परिचारिका मायदेशी परतल्या आणि ब्रेकिन्रिज यांना आपल्या मिडवाइफ तिथेच घडवणारी शाळा काढावी लागली. १९५४ मध्ये रटगर्स विद्यापीठात हिल्डेगार्ड पेप्लाऊ यांनी मानसिक आरोग्यातल्या तज्ज्ञ परिचारिकांसाठी पदव्युत्तर अभ्यासक्रम आखला. म्हणजे भूल, प्रसूती आणि मनोविकार ही तीन दारं आधीच उघडली होती. फोर्डबाईंनी उघडलं ते चौथं, रोजच्या दवाखान्याचं.

सत्तरच्या दशकात नुसता गोंधळ होता. कुठे काही महिन्यांचं प्रमाणपत्र, कुठे वर्षाचं, कुठे पूर्ण मास्टर्स. आणि तिन्हीकडच्या बायका ‘नर्स प्रॅक्टिशनर’ या एकाच नावाने काम करत होत्या. या गोंधळात एका पुराव्याने मोठा आधार दिला. कॅनडात ओंटारियोमधल्या बर्लिंग्टन गावी एका दवाखान्यातली कुटुंबं चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटून दिली. काही डॉक्टरांकडे गेली, काही नर्स प्रॅक्टिशनरकडे. १९७४ मध्ये निष्कर्ष छापून आले आणि दोन्ही गटांतल्या लोकांची तब्येत सारखीच राहिल्याचं दिसलं. पुढे २००० साली न्यूयॉर्कमध्ये मेरी मुंडिंगर आणि सहकाऱ्यांनी अशीच चाचणी मोठ्या प्रमाणावर केली, तिचाही निष्कर्ष तोच निघाला. या दोन चाचण्या मी वर्गात दर वर्षी शिकवते, कारण सत्तरच्या दशकातल्या त्या परिचारिकांनी आपलं काम मोजून दाखवलं. नुसत्या सेवाभावाच्या गोष्टी सांगत बसल्या असत्या, तर त्या तिथेच राहिल्या असत्या.

हळूहळू प्रमाणपत्रं मागे पडली आणि मास्टर्स हाच पाया ठरला. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या नर्सिंग कॉलेजांच्या संघटनेने पदव्युत्तर शिक्षणाचा आराखडा जाहीर केला. त्यात रुग्णसेवेच्या वाटेने जाणाऱ्या प्रत्येकीला तीन विषय सक्तीचे झाले: प्रगत विकृतिशरीरशास्त्र, म्हणजे पॅथोफिजिऑलॉजी; प्रगत औषधशास्त्र; आणि प्रगत शारीरिक तपासणी. आपल्याकडच्या अभ्यासक्रमातही हे तीन विषय आले आहेत. यांनी नेमकं काय बदलतं, ते कागदावरच्या एका पेशंटवरून सांगते.

पोटाच्या ऑपरेशननंतरचा दुसरा दिवस, रात्रीचे दोन. पेशंट अठ्ठावन्न वर्षांचा, वजन साठ किलो. नाडी ११८, बीपी ९६/६०. गेले दोन तास लघवी तासाला पंधरा-वीस मिलीच होते आहे. साठ किलोच्या माणसाला ती निदान तीस मिली व्हायला हवी. चांगली स्टाफ नर्स हे सगळं वेळेवर टिपते, आरएमओंना फोन लावते आणि चार्टवर लिहिते, ‘डॉक्टरांना कळवले’. ही नोंद अगदी बरोबर आहे आणि तिने रोज माणसं वाचतात. पदव्युत्तर वर्गात मात्र उत्तरपत्रिका इथे संपली तर गुण मिळत नाहीत. आत कुठे रक्तस्राव होतोय का? जंतुसंसर्ग रक्तात पसरतोय का? सलाइन कमी पडलं का? की हृदयच थकलंय? चारही शक्यता मांडायच्या आणि एकेक तपासायची. हातपाय गार आहेत की गरम? नख दाबून सोडलं की रंग किती सेकंदांत परत येतो? मानेची शीर फुगलेली दिसते का? ड्रेनमध्ये काय आलंय? हिमोग्लोबिन संध्याकाळपेक्षा उतरलं का, लॅक्टेट किती? कारण रक्त किंवा पाणी कमी पडलं असेल तर सलाइन चढवून पेशंट सावरतो आणि हृदय थकलं असेल तर तेच सलाइन फुप्फुसात जाऊन बसतं.

औषधशास्त्राचंही तसंच. बी.एस्सी.ला मुलगी शिकते की लॅसिक्स दिलं की लघवी वाढते आणि पोटॅशियम उतरतं. पदव्युत्तर वर्गात तिला लिहून द्यावं लागतं की याच पेशंटला डिगॉक्सिन चालू असेल तर पोटॅशियम उतरल्यावर डिगॉक्सिनचं विष होऊ शकतं. मूत्रपिंड मंदावलं असेल तर डिगॉक्सिन अंगात साचत जातं. तेव्हा डोस किती, कोणता रिपोर्ट कधी पाहायचा, मळमळ किंवा अनियमित ठोके दिसले तर काय थांबवायचं. प्रत्येक ओळीखाली कारण. या अभ्यासाने परिचारिका डॉक्टर होत नाही. रात्री दोन वाजता समोर दिसणाऱ्या गोष्टीला काय म्हणायचं आणि त्यावर पहिलं पाऊल कोणतं टाकायचं, हे ठरवायला ती लायक होते. रॉजर्सबाईंच्या आक्षेपाचं उत्तर मला इथे सापडतं. पेशंटच्या उशाशी बारा तास बसणारीकडेच हे ज्ञान असेल, तर ते नर्सिंगचंच ज्ञान आहे.

अमेरिकेतला पुढचा प्रवास पैशाचा आणि कायद्याचा आहे, तो थोडक्यात सांगते. १९७१ मध्ये आयडाहो राज्याने परिचारिकांना निदान आणि उपचाराचा अधिकार कायद्याने दिला. मेडिकेअरकडून थेट मोबदला मात्र १९९७ च्या कायद्याने मिळाला आणि तोही डॉक्टरांच्या दराच्या ८५ टक्के. २००८ मध्ये भूल, प्रसूती, क्लिनिकल नर्स स्पेशालिस्ट आणि नर्स प्रॅक्टिशनर अशा चार भूमिका पक्क्या झाल्या आणि वरचे तीन विषय प्रत्येकीने स्वतंत्र पेपर म्हणून शिकायचे ठरले. आज तिथे परवानाधारक नर्स प्रॅक्टिशनर चार लाखांच्या वर आहेत आणि निम्म्याहून अधिक राज्यांत त्या डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय काम करू शकतात.

सगळं छान झालं असं मात्र नाही. २००४ मध्ये नर्सिंग कॉलेजांच्या संघटनेने ठरवलं की २०१५ पर्यंत सगळ्यांना डॉक्टरेट, म्हणजे डीएनपी सक्तीची. ती मुदत उलटून गेली आणि मास्टर्सचे वर्ग आजही भरतात. भूलतज्ज्ञ परिचारिकांनी तेवढी डॉक्टरेट खरंच लागू केली. मला विचाराल तर पदवीच्या नावापेक्षा पेशंटजवळचे तास महत्त्वाचे आणि दुखणं तिथेच आहे. ऑनलाइन वर्ग वाढले, विद्यार्थी वाढले, पण त्यांना दवाखान्यात सोबत घेऊन शिकवणारे प्रिसेप्टर वाढले नाहीत. कित्येक कॉलेजं विद्यार्थिनीलाच सांगतात, तुझा प्रिसेप्टर तू शोध. दिवसभर नोकरी करून रात्री अनोळखी डॉक्टरांना विनवण्या करणाऱ्या या मुली फी मात्र पूर्ण भरतात. हा अन्याय आहे. २०२२ मध्ये नर्स प्रॅक्टिशनरसाठी प्रत्यक्ष रुग्णसेवेचे किमान तास ५०० वरून ७५० केले, हे उशिरा का होईना, योग्य झालं.

आता आपल्याकडे. १९४६ मध्ये दिल्लीत आणि वेल्लोरला नर्सिंगची पदवी सुरू झाली, १९५९ मध्ये दिल्लीत मास्टर्स. मुंबईत एसएनडीटी विद्यापीठाचं लीलाबाई ठाकरसी नर्सिंग कॉलेज १९६४ चं, म्हणजे फोर्डबाईंच्या वर्गाच्या एक वर्ष आधीचं. आपण मागे नव्हतो. पण आपल्या एम.एस्सी. नर्सिंगची दिशा पहिल्यापासून वेगळी राहिली. मेडिकल-सर्जिकल, कम्युनिटी, बालरोग, प्रसूती, मनोविकार अशा शाखा, प्रबंध, अध्यापनाचा सराव आणि मग कॉलेजात नोकरी. देशाला शिक्षिका हव्या होत्या आणि त्या मिळाल्या. मीही त्यातलीच. पण याची किंमत वॉर्डाने मोजली. जी मुलगी सगळ्यात हुशार, ती शिकली की पेशंटपासून लांब गेली. सरकारी रुग्णालयात राहिली तर अधिपरिचारिका, मग परिसेविका, मग अधिसेविका ही शिडी. तिथेही वर चढायचं म्हणजे रजिस्टर आणि ड्युटी रोस्टरकडे जायचं. पेशंटच्या जवळ राहून मोठं होण्याची जागाच नव्हती.

ती जागा द्यायचा पहिला गंभीर प्रयत्न २०१६-१७ च्या सुमारास झाला. भारतीय परिचर्या परिषदेने ‘नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर’ हा दोन वर्षांचा निवासी पदव्युत्तर अभ्यासक्रम आणला. प्रवेशाला बी.एस्सी. आणि निदान एक वर्षाचा रुग्णसेवेचा अनुभव, शक्यतो अतिदक्षता विभागातला. विषय तेच तीन, पण अतिदक्षतेला लावून. जोडीला पुराव्यावर आधारित सेवा, नेतृत्व आणि अतिदक्षता परिचर्येचे पेपर. वेळेचा फार मोठा भाग आयसीयूत, नाइट ड्युटीसकट. हा अभ्यासक्रम मी ओळ न् ओळ वाचला आहे आणि तो चांगला आहे हे मनापासून सांगते. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात नर्स प्रॅक्टिशनरचं स्वतंत्र केडर असावं असं लिहिलं गेलं. २०१८ मध्ये प्रसूती सेवेसाठी ‘नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी’ची मार्गदर्शक तत्त्वं आली, अठरा महिन्यांच्या प्रशिक्षणासह. २०२३ मध्ये १९४७ च्या परिचर्या परिषद कायद्याच्या जागी नवा आयोग नेमणारा कायदा झाला.

एवढं होऊनही क्रिटिकल केअरची मुलगी दोन वर्षं घासून बाहेर पडते आणि बहुतेक ठिकाणी पुन्हा स्टाफ नर्स म्हणूनच रुजू होते. युनिफॉर्म तोच, पगारही जवळपास तोच आणि चार्टवरची नोंदही तीच. १९४५ च्या औषध नियमांप्रमाणे प्रिस्क्रिप्शनचा अधिकार नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाचा. त्यामुळे तिने काही करायचं तर रुग्णालयाने आधी लिहून ठेवलेल्या प्रोटोकॉलच्या चौकटीतच आणि तो प्रोटोकॉल लिहायला कोणी वेळ काढत नाही. एका माजी विद्यार्थिनीने मला सरळ विचारलं, “मॅडम, सेप्सिस ओळखायला शिकले, आता ओळखूनही मी फोनच लावायचा का?” तिला मी काय उत्तर देणार? आपल्या ग्रामीण रुग्णालयांत कित्येक रात्री हे निर्णय परिचारिकाच घेतात, फक्त तोंडी, कायद्याच्या आधाराशिवाय आणि काही बिनसलं तर एकट्याने जबाबदार धरलं जाण्याच्या भीतीत.

अमेरिकेत पहिल्या वर्गापासून मेडिकेअरच्या थेट मोबदल्यापर्यंत बत्तीस वर्षं गेली. आपल्याला तेवढं थांबायचं कारण नाही. अभ्यासक्रमाचा आराखडा आहे, धोरणाचा कागद आहे आणि शिकून तयार झालेल्या मुलीही आहेत. महाराष्ट्र शासनाने निदान दोन-तीन जिल्हा रुग्णालयांच्या आयसीयूत नर्स प्रॅक्टिशनर हे पद वेतनश्रेणीसह निर्माण करावं, तिने काय ठरवायचं आणि कधी बोलावायचं याचे प्रोटोकॉल भिषक् आणि परिचारिका यांनी एकत्र बसून लिहावेत आणि मृत्यू, संसर्ग, उपचाराला लागलेला वेळ यांची मोजणी पहिल्या दिवसापासून करावी. नर्सिंगमधल्या आपण सगळ्यांनी, संघटनांनी आणि कॉलेजांनीही, पगारवाढीच्या निवेदनात ही मागणी पहिल्या क्रमांकावर लिहावी. पुढच्या भरतीच्या जाहिरातीत हे पद छापून यायला हवं.