संथ व्यायामाचें मर्म

गेल्या आषाढांत गोदेच्या घाटावरील शेवाळलेल्या पायरीवरून माझा पाय घसरला. हाड मोडलें नाहीं. पण भय अंगांत शिरलें तें शिरलेंच. पायरी दिसली कीं माझा हात भिंत चांचपूं लागे. घरच्या मंडळींनीं एकट्यानें बाहेर पडण्यास बंदी केली, आणि दहा वर्षांच्या नातवाचें बोट धरून चालणारे गुरुजी पाहून जुने विद्यार्थी रस्त्यांत हळहळूं लागले.

अशांत धाकट्या सूनबाईंनीं मोबाईलवर एक चित्रफीत दाखविली. चीनमधील एका बागेंत सत्तरी उलटलेले स्त्रीपुरुष, जणूं गळ्याइतक्या पाण्यांत उभे असावेत इतक्या संथपणें हातपाय हालवीत होते. "मामंजी, ह्याला ताई ची म्हणतात. ह्यानें तोल सुधारतो म्हणे." मीं हंसून विचारलें, "हा व्यायाम कीं झोंपेंतलें चालणें?" माझें बालपण तालमीच्या तांबड्या मातींत गेलेलें, घाम न आणणाऱ्या श्रमास व्यायाम म्हणावयास जीभ वळेना. परंतु सूनबाईंनीं हट्ट सोडला नाहीं, आणि शहरांतील एका जाणत्या गृहस्थांकडे आठवड्यांतून दोनदां मी जाऊं लागलों.

ही विद्या मूळची मुष्टियुद्धाची. हेनान प्रांतांतील चेन घराण्याच्या गांवीं सतराव्या शतकांत ती आकारास आली. यांग लु-चान (१७९९–१८७२) यानें ती तेथें शिकून पेकिंगला नेली. त्याचा नातू यांग चेंगफू (१८८३–१९३६) यानें तिला आजचें संथ, अखंड रूप देऊन दहा नियम सांगितले. २०२० सालीं युनेस्कोनें मानवजातीच्या अमूर्त वारशांत तिची गणना केली.

लोककथा मात्र तिचें जनकत्व एका डोंगरवासी साधूस देते. पक्षी व सर्प यांची झुंज पाहत असतां त्याला ही कला सुचली म्हणे! नाशिककरांना येथें घरच्याच गोष्टीची आठवण व्हावी. आपल्या जिल्ह्यांतील कोठुऱ्याचे बाळंभटदादा देवधर यांनीं सप्तशृंगीच्या डोंगरावर वानरांच्या उड्या पाहून मल्लखांब सिद्ध केला, आणि दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारीं आलेल्या निजामाच्या मल्लांना आव्हान दिलें, अशी आख्यायिका आहे. मल्लस्तंभाचा उल्लेख बाराव्या शतकांतील 'मानसोल्लासां'तही आहे. तेव्हां दादांना जनक न म्हणतां पुनरुज्जीवक म्हणणें न्याय्य. पण गंमत अशी, कीं हजारों कोसांच्या अंतरावरील दोन्ही कथांत धिप्पाड बळावर लवचिकपणाची मात होते, आणि दोहोंतही माणूस तें रहस्य मुक्या प्राण्यांपासून शिकतो.

असो. पहिल्याच दिवशीं मला चालावयास शिकविण्यांत आलें. साठी उलटलेल्या माणसाला! गुरु म्हणाले, एक पाय पुरा भरा, म्हणजे दुसरा पुरा रिकामा होईल. मगच तो उचला. एका घागरींतलें पाणी न सांडतां दुसरींत ओतावें, तसा देहाचा भार ओतावयाचा. मीं प्रयत्न केला आणि तत्काळ कळून चुकलें, कीं आजवर मी पाय रिकामा न करितांच उचलीत होतों. दोन्ही घागरी अर्ध्या, आणि मी मध्यें डुचमळणारा! घाटावर घसरण्याचें श्रेय सारें शेवाळालाच देतां येणार नाहीं.

दुसरी अडचण उजव्या खांद्याची. पस्तीस वर्षें फळ्यावर लिहून तो वर चढला आहे, आणि हात उचलला कीं कानाला भेटावयास जातो. ह्या विद्येंत खांदे व कोपर खालीं सोडावयाचे, छाती न फुगवितां कंबर मोकळी ठेवावयाची, आणि मस्तक असें धरावयाचें कीं जणूं टाळू एखाद्या दोरीनें वर टांगली आहे. पूर्वी रात्रीच्या पाठांतराला बसलेले विद्यार्थी डुलकी लागूं नये म्हणून शेंडी खुंटीला बांधीत, असें आपण ऐकलें आहे. तीच खुंटी आढ्याला आहे असें समजावें. मान आपोआप सरळ होते.

पण हे झाले देहाचे नियम. खरें मर्म पुढें आहे: हालचाल मनानें करावी, बळानें नव्हे. हात उचलण्यापूर्वीं चित्त तेथें जाऊन पोंचावें, आणि हातानें निमूटपणें त्याच्या मागून जावें. येथें मी थबकलों. पतंजलींनीं आसन स्थिर व सुखकर असावें असें सांगून, तें प्रयत्नशैथिल्यानें साधतें असें म्हटलें आहे. 'प्रयत्नाचें शैथिल्य' हा षष्ठी तत्पुरुष मीं किती वर्गांना सोडवून दिला असेल! पण समास सुटला तरी माझा खांदा कांहीं सुटला नव्हता. पतंजलींचें आसन स्थिर आणि चिनी क्रिया चल, हा भेद आहेच. परंतु ओढाताणीनें कांहीं साधत नाहीं, हें दोहोंकडे सारखेंच. यांग चेंगफू जन्मला त्याच १८८३ सालीं आपल्याकडे जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे पुढचे स्वामी कुवलयानंद, जन्मले. बडोद्यास माणिकरावांजवळ बळाची विद्या शिकून मग ते मालसरच्या माधवदासजींकडे योगाकडे वळले आणि १९२४ सालीं त्यांनीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिलें. त्यांच्याही पद्धतींत आसनाला हिसका वर्ज्य आहे.

'ची' म्हणजे अंगांत वाहणारी शक्ति, असें चिनी लोक सांगतात. तिच्यावर विश्वास ठेवला नाहीं तरी चालतें. मीं ठेवलेला नाहीं. ह्या अभ्यासानें वृद्धांचें पडणें कमी होतें, इतकें मात्र अनेक वैद्यकीय चाचण्यांतून दिसून आलें आहे. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनीं फार खालीं वांकूं नये, आणि गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेनेंच ठेवावा.

आमचा नातू मल्लखांब शिकतो. तो म्हणतो, "आजोबा, घाबरलं कीं श्वास अडकतो, आणि मग अंग जड होतं." यांग चेंगफूनें हेंच अधिक शब्दांत सांगितलें असावें.

गेल्या आठवड्यांत आम्ही दोघे त्याच घाटावर गेलों. तो दोन पायऱ्या खालीं उभा राहिला. हात पुढें करावयाचा नाहीं, असें ठरलें होतें. मीं उजवा पाय भरला, डावा रिकामा केला, आणि उतरलों. मग दुसरी पायरी, मग तिसरी. पाण्याजवळ पोंचतों न पोंचतों तोंच खालून आवाज आला, "आजोबा, खांदा!"