गिऱ्हाईक फाटकाशी थांबतं तेव्हा

अंबरपेठेत घर विकायला काढलं की पहिला प्रश्न येतो, "फेसिंग कुठलं?" दुसरा, "गज किती?" पुण्या-मुंबईचे पाहुणे इथे गोंधळतात, कारण हैदराबादचा गज म्हणजे चौरस वार, ९ चौरस फुटांचा. १२० गज म्हणजे १०८० चौरस फूट. ही दोन उत्तरं मिळाली की माणूस फाटकाशी उभा राहून नुसतं बघतो. निम्मा सौदा तिथेच होतो, हे माझं ठाम मत.

पण त्याला घर सापडायला तर हवं! इथले जुने घरनंबर २-२ नाहीतर २-३ ने सुरू होतात: आधी वॉर्ड, मग ब्लॉक, मग घर. त्यापुढे तिरकी रेघ आणि अक्षरं लागली, की बहुतेक वेळा समजायचं, मूळ जागेच्या वाटण्या झाल्या. म्हणजे हा नंबर घराची वंशावळच. तो गंजलेल्या पत्र्यावर पुसट झाला असेल, तर सगळ्यात आधी तोच रंगवून घ्या.

मग ओटा. जुन्या घरांचा ओटा शहाबादी नाहीतर तांडूरच्या फरशीचा. घर विकायचंय म्हणून घाईघाईनं तिच्यावर अ‍ॅसिड ओतणारे मी पाहिलेत. फरशी फसफसते, तकाकी जाते, पांढुरके डाग कायमचे राहतात. दगडच चुनखडीचा! साबणाचं पाणी, काथ्याचा ब्रश आणि दोन सकाळी, एवढं पुरतं. लिंबू-व्हिनेगरही नको, तीही आम्लंच.

गंमत म्हणजे भिंतीवरची सफेदी या फरशीच्या नात्यातलीच. चुनखडी भट्टीत भाजली की कळीचा चुना होतो. तो विरवून भिंतीला लावला, की हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा चुनखडी होतो. लावताना हात फिका, जवळजवळ पारदर्शक दिसतो. घरधनी हबकतात आणि वर आणखी एक जाड हात मारायला लावतात. थांबा. वाळता वाळता तो पांढरा होत जातो. शिवाय चुना अल्कधर्मी, त्यामुळे पावसाळी बुरशी लवकर धरत नाही. मात्र ऑइलपेंटवर तो टिकत नाही, पोपडे सुटतात.

आता दार. इथल्या दारावर दोन पहारेकरी टांगलेले असतात, कोहळा आणि उलटी कोरफड. कोहळ्यावरची पांढरी भुकटी हे त्याचं स्वतःचं मेण. त्याच्या जोरावर तो महिनोन्‌महिने टिकतो. कोरफड तर मातीवाचून हिरवी राहते, कारण तिची पानं श्वसनाची छिद्रं बहुतांशी रात्री उघडतात आणि दिवसाच्या उन्हात पाणी राखून ठेवतात. पण कोहळा एकदा आतून सडला की शिंकाळ्यातून तपकिरी पाणी गळतं, चौकटीवर ओघळ उमटतो, चिलटं घोंघावतात. येणाऱ्याची नजर वर गेली की त्याला पहिल्यांदा तेच दिसतं. घर दाखवायच्या आधी नवा टांगा.

खाली उंबरठा, तेलुगूत गडप. हळदीनं माखलेला, वर कुंकवाची बोटं, समोर मुग्गू. आपली रांगोळी, त्यांचं मुग्गू. तांदळाच्या पिठानं काढलं तर मुंग्यांचीही सोय. भरल्या घराची याहून स्वस्त आणि खरी खूण मला तरी माहीत नाही.

मुहूर्ताचंही बघा. अंबरपेठ सगळ्यात देखणी दिसते ती आषाढात, महांकाळीच्या बोनालू सणाला. गल्लोगल्ली कडुनिंबाचे डहाळे, रोषणाई. पण गृहप्रवेश आषाढात कुणी करत नाही, ना तेलुगू, ना मराठी. दोघांचे महिने अमावास्येलाच संपतात, तेव्हा पळवाटही नाही. बोनालूसाठी घर उजळा आणि श्रावणात दाखवा.

वस्तीचंही तोंड असतंच. कचऱ्या-झुडपांखाली गेलेल्या बतुकम्मा कुंटा या इथल्या तळ्याची खोदाई २०२५ च्या फेब्रुवारीत सुरू झाली आणि काही फुटांवरच पाणी लागलं. त्याच वर्षी सप्टेंबरात तळं लोकांसाठी खुलं झालं. कालपर्यंत लपवायची ती बाजू, आज बाल्कनीतून दाखवायची!

आणि समोरचं घर? अमेरिकेतल्या संशोधकांनी रस्त्यावरून टिपलेले घरांचे फोटो संगणकाकडून जोखून घेतले. २०२० साली त्यांनी मांडलं, की घराचा आणि शेजाऱ्याचा दर्शनी भाग मिळून किमतीत ७ टक्क्यांपर्यंत फरक पडू शकतो. आपल्या गल्ल्या तर इतक्या चिंचोळ्या, की गिऱ्हाईक तुमच्या ओट्यावर बसून चहा पितं ते समोरच्या काकूंच्या भिंतीकडे बघतच. बादलीत चुना उरेल. काकूंना विचारून त्यांच्या कठड्यालाही एक हात मारून घ्या.